फाटकाच्या अलीकडे

॥ श्री ॥

मु. आमगाव, जिल्हा भंडारा
ता. ४ ऑगस्ट १९३६

माझ्या गंगाजलास जमुनाचा सप्रेम नमस्कार वि. वि. इकडे आम्ही सर्व खुशाल. तुझ्या खुशालीचे चार शब्द येतील तर जिवाला बरे वाटेल.

पाकिटावर तुझे नाव रुख्माने लिहिले आहे, म्हणून अक्षरे अशी उड्या मारीत गेली आहेत. तुझी नात आठ वर्षांची झाली तरी ‘अ’ला पोट काढायला विसरते. मी कशी लिहिणार? माहेरी मुर्रीच्या तलावावर तुझ्या आजीने आपल्या दोघींच्या ओंजळीत गंगेचे पाणी घातले आणि बजावले, की आजपासून एकमेकींचे नाव घ्यायचे नाही, गंगाजल म्हणायचे, आणि एकीचे लेकरू ते दुसरीचे लेकरू. तेव्हा मला वाटले होते की मोठेपणी हे सगळे सुटेल. आता केस पांढरे झाले, तुझे नाव काही माझ्या तोंडी आले नाही.

धानाची रोवणी आटोपली. यंदा पाऊस वेळेवर झाला, बांध्या भरल्या आहेत. रुख्मा दिवसभर बायांच्या मागे चिखलात असते आणि संध्याकाळी तिला घासून काढताना माझा दम निघतो. उन्हाळ्यात तू स्वतः तिला माझ्या केवळरामसोबत गाडीत बसवून दिलीस, तेव्हा पोर नुसती काडी झाली होती. आई तर तिने पाहिलीच नाही. माझी वच्छला तिला जन्म देऊन गेली, आणि गेल्या पौषात तिचा बाप, तुझा टेकचंद, तोही तापात गेला. आता गालावर थोडे मांस दिसते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. काल पोस्टमनने तुमच्या संस्थानच्या कोर्टाची नोटीस आणली. तुझ्या मुन्नालालने अर्ज केला आहे, की मेलेल्या भावाची पोर केवळरामने अडकवून ठेवली आहे, ती आमची आम्हाला द्यावी. केवळरामने वाचले आणि त्याचे डोकेच फिरले. म्हणे, मामाच्या घरी पोर राहते, त्याले काऊन कोर्ट सुचून राहिलं? आजच्या गाडीने तो भंडाऱ्याला गेला. तिथल्या कोर्टात आपणच पालक व्हावे म्हणून उलटा अर्ज देणार आहे. मी अडवले, पण ऐकले नाही.

तुला हे ठाऊक होते का, एवढेच सांग. नव्हते, असे लिहिलेस तर मी मानीन.

लोभ आहे तो असाच राहू दे.
तुझी गंगाजल
जमुना


॥ श्री ॥

मु. कोहकाटोला, डोंगरगडजवळ
ता. १९ ऑगस्ट १९३६

गं. भा. विहीणबाई जमुनाबाई यांस अनुसयाबाईचा नमस्कार वि. वि. तुमचे पत्र पावले.

मला ठाऊक होते. मुन्नालालने अर्ज देण्याआधी मला विचारले आणि मी नाही म्हटले नाही. खोटे लिहून तुमच्याकडून मानून घ्यायची माझी इच्छा नाही.

तुम्ही पेरणीपर्यंत ठेवते म्हणालात. पेरणी झाली, रोवणी झाली, पोर आली नाही. दोनदा निरोप धाडला. एकदा तिला खोकला होता, एकदा तुमच्याकडे पाहुणे होते. तुमच्या घरात केवळरामची तीन लेकरे आहेत, ओट्यावर पाय ठेवायला जागा नसेल. माझ्या घरात काय आहे? मुन्नालाल आणि शामकलेच्या लग्नाला बारा वर्षे झाली, पाळणा हलला नाही. टेकचंद होता तेव्हा ही पोर दोघा भावांच्या ताटांत आलटून पालटून जेवायची. आता मुन्नालाल जेवायला बसतो आणि अर्धे ताट तसेच सारतो. मागे मी म्हटले, पोरगा नाही तर पोरगी तरी आपल्या घरची आहे, तर पाठमोरा होऊन बैल सोडायला निघून गेला.

जमीन हडपायला तो हे करतो असे तुमच्याकडे बोलले जाते, तेही माझ्या कानी आले. टेकचंदचा वाटा रुख्माच्या नावे चढवून घेतला आहे. मुन्नालालने स्वतः चढवला. हे तुमच्या भंडाऱ्याच्या वकिलाला सांगा.

नाव लिहिण्याचे म्हणाल, तर तुमच्या नावावर आता बंधन उरले नाही. विहिणीचे नाव घेता येते, म्हणून वर लिहिले आहे. अक्षर वाकडे आले, ते म्हातारपणाने आले असे समजावे.

कळावे, नाते आहे तेवढे असावे.
अनुसयाबाई


॥ श्री ॥

मु. आमगाव
ता. २३ जानेवारी १९३७

माझ्या गंगाजलास जमुनाचा नमस्कार वि. वि. तू विहीणबाई म्हण, बाईसाहेब म्हण, मी माझे बदलणार नाही.

पाच महिने तुला लिहिले नाही. राग होता. तुझ्या पत्रात माझे नाव वाचले तेव्हा वाटले, मुर्रीतल्या तलावात कोणी मला ढकलून दिले. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा कळले की तू जे लिहिलेस त्यात खोटे काही नव्हते. खोकला दोन दिवसांचाच होता. पाहुणे तर केवळरामचा एक साडूच होता, तोही जेवून गेला. पोरीला पाठवायची वेळ आली की माझे हात चालत नव्हते. वच्छलासारखी ती झोपेत पाय झाडते, गंगाजल. तुला हे कसे सांगू?

आता दोन्हीकडचे हुकूम झाले. भंडाऱ्याच्या कोर्टाने केवळरामला पालक ठरवले, तुमच्या संस्थानच्या कोर्टाने मुन्नालालला. दरेकशाच्या बोगद्याच्या अलीकडे रुख्मा आमची आणि पलीकडे तुमची. आमच्या वकिलाने सांगितले, की पोर संस्थानच्या हद्दीत गेली की मुन्नालाल तिला कायद्याने ठेवून घेईल, आणि इकडचा हुकूम तिकडे रद्दीच्या भावाचा. म्हणून केवळरामने तिला तुमच्या वाटेवरच्या सालेकशाच्या बाजाराला न्यायचेसुद्धा बंद केले. इतर लेकरे मावशीकडे जातात, ही दारात उभी राहते.

भंडाऱ्याला माझी जबानी झाली त्याची गंमत ऐक. वकिलाने विचारले, पोर तुमच्याकडे कोणी धाडली? मी म्हटले, माझ्या गंगाजलने. पुन्हा विचारले तेव्हा म्हटले, मुन्नालालच्या आईने. मग म्हटले, रुख्माच्या आजीने. कारकुनाने तीन वेगळ्या बाया लिहून ठेवल्या, आणि साहेबांनी विचारले, की एवढ्या बाया असताना भांडण कशाचे? सारे कोर्ट हसले. मी पण हसले, मग बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

रुख्मा रोज विचारते की आजी काऊन येत नाही. मी सांगते, तिच्याकडे धान मळणे चालू आहे. किती दिवस मळशील?

उत्तर दे. रागाचे दिलेस तरी चालेल.
तुझी गंगाजल
जमुना


॥ श्री ॥

मु. कोहकाटोला
ता. ११ फेब्रुवारी १९३७

माझ्या गंगाजलास अनुसयाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पाकिटावर तुझे नाव मुन्नालालने लिहिले आहे. पत्त्यापुरता तो तुमचा वैरी नाही. काय लिहिले ते विचारत नाही, तिकीटसुद्धा स्वतः लावतो.

माझ्या उजव्या डोळ्यात पडदा उतरला आहे. डाव्याने भागते. वैद्य म्हणतो पिकला की काढता येईल, पण दुसराही धरत चालला आहे. मला भीती कशाची वाटते ते तुला लिहिते, घरात कोणाला सांगितलेले नाही. रुख्मा परत येईल तेव्हा मला तिचा नुसता आवाज ऐकू येईल, आणि तोही तोवर बदललेला असेल.

आता मुद्द्याचे. परवा मुन्नालालचा वकील घरी आला होता. मी चुलीपाशी चहा करत होते आणि माझे कान अजून शाबूत आहेत. तो कुरकुरत होता, की संस्थानात सगळीकडे आपला हुकूम चालतो, फक्त रेलच्या जागेत चालत नाही. रूळ, फलाट, फाटकाच्या आतली सारी जमीन सरकारने रेलसाठी घेतली, तिथे इंग्रजी अंमल. डोंगरगडच्या स्टेशनात पोर उतरली तरी फाटकाबाहेर पडेपर्यंत तिला हात लावता येणार नाही. मुन्नालाल चिडून म्हणाला, म्हणजे माही पोर माह्या गावच्या टेसनात आली तरी मी पाहातच राहू काय? वकील म्हणाला, पाहायला मनाई नाही.

ऐकलेस ना, गंगाजल? पाहायला मनाई नाही.

सकाळच्या पॅसेंजरने ये, दुपारच्या गाडीने परत जा. मी फाटकाच्या आत येऊन बसते. केवळरामला वकिलाकडून खात्री करून घेऊ दे, माझ्या शब्दावर धाडू नकोस.

तुझ्या मायेची भुकेली
अनुसया


॥ श्री ॥

मु. आमगाव
ता. ९ मार्च १९३७

माझ्या गंगाजलास जमुनाचा पुष्कळ पुष्कळ नमस्कार वि. वि. सुखरूप पोचलो. रुख्मा गाडीतच झोपली. तू दिलेली चिन्नोर तांदळाची पोटली तिने उशाला घेतली होती, आता तिच्या केसांना भाताचा वास येतो.

काय तो दिवस गेला! तू त्या कडुलिंबाखालच्या बाकावर बसली होतीस, डावा डोळा बारीक करून, पिकावर पाखरू बसले की काय असे पाहत. पोर डब्यातून उतरली आणि तुझ्याकडे न जाता माझ्या पदरामागे लपली. माझ्या मनात आले, की हिला इतके विसरायला लावले का आपण. मग तू म्हणालीस, ये वं टेकचंदच्या उंदरा, आणि ती अशी धावली की तुझा फराळाचा डबा सांडला. बापाने ठेवलेले ते उंदराचे नाव तिच्या ध्यानात होते! माझ्या घरी तिने कधी सांगितले नव्हते.

मुन्नालाल फाटकाबाहेर शेताच्या धुऱ्यावरच्या बगळ्यासारखा उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही, पण पाहिले. आमच्या वच्छलाच्या लग्नात किती लगबग करत होता. गालफडे बसली आहेत त्याची.

तू तिची वेणी घालत होतीस तेव्हा मला आपले जुने दिवस आठवले. मुर्रीहून चालत गोंदियाला रेल पाहायला जायचो, आठवते? घरी सांगायचे शेण वेचायला जातो, आणि टोपली रुळाच्या कडेला टाकून बसायचो. तू म्हणायचीस, जो या गाडीत बसतो तो काही परत येत नाही, कारण गेलेली गाडी आपण परत येताना पाहिलीच नाही. घरी परतायची वेळ व्हायची ना आपली, म्हणून! रिकामी टोपली पाहून माझा बाप ओरडायचा आणि मग दोघींना पाटी घेऊन बसवायचा. त्याच्या माराच्या भीतीने आपण लिहायला शिकलो, नाहीतर आज कोणाकडून पत्रे लिहून घेतली असती? कसले दिवस होते गं. एका बोराचे दोन तुकडे करायचो आणि मोठा तुकडा तू मला द्यायचीस. आता एका पोरीवरून आपले लेक दोन कोर्टांच्या पायऱ्या चढले.

दर महिन्याला येत जाईन. केवळराम नाक मुरडतो, पण तिकिटे तोच काढून देतो.

जीव जपून राहा, मला तू लागतेस.
तुझी गंगाजल
जमुना


॥ श्री ॥

मु. कोहकाटोला
ता. १२ ऑक्टोबर १९३७

माझ्या गंगाजलास अनुसयाचा नमस्कार वि. वि. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे.

परवा स्टेशनात काय झाले ते तू पाहिलेस, आणि जाताना एक शब्द विचारला नाहीस. म्हणून मलाच सांगितले पाहिजे.

नवरात्रात मुन्नालाल माझ्याजवळ बसला आणि लहान असताना बोलायचा तसा बोलला. म्हणाला, माय, महिन्यातून एकदा बाकावर बसून पोर पोसली जात नाही. तू फक्त तिले फाटकाबाहेर आन. शिंगाडेवाली बसते तिथवर. पुढचं मी पाहून घेतो. कोर्टाचा शिपाई तो सोबत आणणार होता. मी त्याला हो म्हटले. तुला सांगते, तेव्हा मला वाईट वाटले नाही. मला रात्रभर आनंद होता. तिच्यासाठी गोधडी काढून उन्हात टाकली होती.

तिला म्हटले, चल शिंगाडे घेऊ. ती उठली. तू बाकावर होतीस. ती माझे बोट धरून चालू लागली आणि सारखी बोलत होती, की एक वाटा आमगावच्या आजीला, एक बैलाला, एक मला. फाटक दहा पावलांवर आले. मुन्नालाल छकड्याजवळ उभा होता, त्याने बैलाची दोरी हातात घेतली. रुख्माने त्यालाही ओळखले आणि हात हलवला.

गंगाजल, ती मला एकदाही म्हणाली नाही, की आपण कुठे जात आहोत. आजीच्या बोटाला धरले म्हणजे विचारायचे कशाला, असे तिचे चालणे. आणि मला वाटले, आज हिला बाहेर नेले तर ती माझ्या घरी राहील, वाढेल, पण अशी न विचारता कोणाचे बोट धरून ती पुन्हा कधी चालणार नाही. माझे तर नाहीच.

पाय थांबले. शिंगाडेवालीला मी आतूनच हाक मारली आणि गजांतून शिंगाडे घेतले. मुन्नालालकडे पाहायची छाती झाली नाही.

घरी आल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. जेवतो आणि धानाची राखण करायला जातो. शामकला बिचारी मधल्या मध्ये निरोप पोचवते. माझ्या हातून लेकाशी बेइमानी झाली की तुझ्याशी होता होता राहिली, ते मला समजत नाही. तुझ्याशी तर अर्धी झालीच.

यापुढे तू तिला आणायचे नाही ठरवलेस तर मी तुला बोल लावणार नाही.

माया राहिली असेल तेवढी ठेव.
अनुसया


॥ श्री ॥

मु. आमगाव
ता. १९ ऑक्टोबर १९३७

माझ्या गंगाजलास जमुनाचा नमस्कार वि. वि.

मी तुझ्याआधी मुन्नालालला पाहिले होते. छकडा पाहिला, पट्टेवाला शिपाई पाहिला. तू रुख्माचे बोट धरलेस तेव्हा मला सगळे समजले. स्टेशनात रेल पोलिसांचा जमादार माझ्यापासून हाकेवर होता.

मी हाक मारली नाही. लोक म्हणतील विश्वास होता. तुला खरे सांगते, मनात एकदा असेही आले, की ने बाई, तुझे तरी डोळे आहेत तोवर पाहून घे. मग लगेच वाटले की धावत जाऊन तुझ्या झिंज्या धराव्या. अशी मी तिथे बसले होते. तू वळलीस तेव्हा मी तोंड फिरवले, कारण मला रडताना तू पाहिले असतेस तर आपण दोघी फलाटावर गळा काढून बसलो असतो, आणि गाडी चुकली असती.

आता माझे ऐक. तुमच्या गावची मंडईची जत्रा दिवाळीनंतर भरते ना? मी रुख्माला घेऊन येते. फलाटावर नाही. फाटकाबाहेर येते, तुझ्या घरी येते, मंडईतल्या दंडारीची नाचगाणी पाहते, आणि पोरीला तुझ्याकडे ठेवून एकटी परत येते. किती दिवस ठेवायचे ते तुम्ही ठरवा.

केवळरामला सांगितले तेव्हा त्याने थाळी सरकवली. म्हणाला, गेली पोर, आता तिचं तोंड दिसत नाही, तुले काही समजून राहिलं का नाही? मी म्हटले, त्या म्हातारीने फाटकापर्यंत नेऊन परत आणली. तिला परत आणता येते, मग मला पाठवता का येऊ नये? तो अर्धवट जेवून उठला. काल रुख्मासाठी नवे लुगडे घेऊन आला, एवढेसे, जरीच्या काठाचे. म्हणाला, मंडईले जुन्या कपड्यात जाईल तर लोक मामाले हसतील.

मुन्नालालला सांग, शिपायाची गरज नाही. छकड्यात पेंढा जास्त टाकायला सांग, माझी कंबर धरते.

येतेच आहे. चुलीवर पाणी ठेव.
तुझी गंगाजल
जमुना


॥ श्री ॥

मु. कोहकाटोला
ता. १६ डिसेंबर १९३७

माझ्या गंगाजलास अनुसयाचा उदंड नमस्कार वि. वि. हे पत्र टपालाने येत नाही. रुख्माला घेऊन मुन्नालाल तुझ्याकडे येत आहे, त्याच्याच हाती देते.

तू मंडईहून गेलीस त्या रात्री पोर थोडी रडली. दुसऱ्या दिवसापासून मुन्नालालच्या मागे शेपटी. धान कापणीत तिने त्याच्यासोबत बांधीवर भाकर खाल्ली, खळ्यात पेंढ्यावर झोपली, शामकलेकडून अनरसे थापायला शिकली. माझा डावा डोळा अजून आहे, त्याने मी पोटभर पाहून घेतले. मुन्नालाल ताट पुसून जेवतो. एकदा मी आतून ऐकले, तो तिला टेकचंदच्या लहानपणच्या खोड्या सांगत होता आणि दोघे हसत होते. टेकचंद गेल्यापासून त्याने घरात भावाचे नाव घेतले नव्हते.

परवा रात्री पोर म्हणाली, आमगावच्या आजीची आठवण येते. मुन्नालाल चुलीपाशीच होता. मनात म्हटले, आता काय करतो ते याचे यानेच करावे. तो बराच वेळ विस्तव उकरत बसला. सकाळी उठून त्याने सांगितले, की उद्या बैल जुंपायचे.

वकील आडवा आला होता. म्हणाला, बोगद्यापलीकडे गेलास की हाती आलेली पोर गेली, आणि तिकडच्या हुकुमाप्रमाणे पोर पळवणारा तूच ठरतोस, केवळराम तुला आत घालू शकतो. मुन्नालाल ऐकून घेतो आणि जोडे घालतो. तेव्हा केवळरामला सांग, की पोलिसाला आणू नको, पाय धुवायला पाणी आण. माझा लेक पहिल्यांदाच तुमच्या दारी मान खाली घालून येतो आहे, त्याला आत बोलावून चहा दे. गोड जास्त लागतो त्याला.

होळीला मी पोरीला न्यायला येईन, नाहीतर तू आणून सोड. जशी जिची सवड.

छकडा दारात थांबवून हे शेवटचे लिहिते. आत्ता मी विचारले, कोर्टाचा हुकूम सोबत ठेवलास का, वाटेत कोणी अडवले तर? तो पोरीला छकड्यात बसवत होता. म्हणाला, पोरीले आजीच्या घरी पोचवाले कागद कायले लागते?

आपला लोभ लेकरांच्याही वाट्याला येवो.
तुझी गंगाजल
अनुसया